हद्द की यादी? कर्नाटकातलं ‘पॅरिश’ समजून घेताना

धारवाडचा माझा एक मित्र कन्नडमध्ये अनुवादाची कामं करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला, “पॅरिश अंद्र एन् री?” पॅरिश म्हणजे काय हो? त्याच्यापुढे तेव्हा तीन मजकूर होते. एकात धावपटू उसेन बोल्ट जमैकातल्या ट्रेलॉनी पॅरिशचा असल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात २००५ च्या कतरिना वादळात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं सेंट बर्नार्ड पॅरिश पाण्याखाली गेल्याचा उल्लेख होता. तिसरा मजकूर घरचाच, मंगळूरकडचा: अमुक पॅरिशने रक्तदान शिबिर घेतलं. पहिल्या दोन ठिकाणी गड्याने ‘जिल्हा’ लिहून वेळ मारून नेली होती. तिसऱ्या ठिकाणी अडला. चर्च म्हणावं, तर चर्च हा शब्द त्याच वाक्यात पुढे आलेला. ख्रिस्ती समाज म्हणावं, तर मंगळुरात ख्रिस्ती समाज केवढा मोठा, आणि शिबिर भरवलेलं शहराच्या एका कोपऱ्यातल्या लोकांनी.

मी मूळचा वसईकडचा. आमच्याकडे पॅरिशला मराठीत धर्मग्राम म्हणतात, आणि माणूस कुठला हे विचारलं की गावाआधी धर्मग्रामाचं नाव येतं: नंदाखाल, गास, पापडी, आगाशी. लहानपणापासून कानावरचा शब्द, त्यामुळे तो कुणाला फोडून सांगायची वेळच आली नव्हती. सांगायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की कर्नाटकात या एका शब्दाच्या आसपास निदान तीन वेगवेगळ्या व्यवस्था नांदतात, आणि कन्नड वाचकाचा गोंधळ होतो तो त्यामुळे. म्हणून मित्राला मी एकच कसोटी दिली. चर्चच्या कुठल्याही समुदायाबद्दल वाचताना आधी बघायचं, की ही माणसं एकत्र मोजली जातात ती हद्दीवरून की यादीवरून? एवढं कळलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

आधी बोल्टचं पॅरिश बाजूला काढू. तिथे ‘जिल्हा’ लिहिलं ते चुकलं नव्हतं. इंग्लंडमध्ये एके काळी गावातल्या चर्चची हद्द हीच गावकारभाराचीही हद्द होती. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची वही ठेवायला लावली. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवरच टाकली, आणि त्यासाठी कर गोळा करायचा अधिकार दिला. हीच घडी इंग्रजांनी कॅरिबियन बेटांवर नेऊन बसवली. आज जमैकात १४ आणि बार्बाडोसमध्ये ११ पॅरिश आहेत, आणि त्यांचा देवाधर्माशी संबंध उरलाय तो नावापुरता. लुइझियानावर पूर्वी फ्रेंचांचं आणि स्पॅनिशांचं, म्हणजे कॅथलिकांचं राज्य होतं. म्हणून बाकी अमेरिकेत जवळपास सगळीकडे काउंटी, आणि तिथे ६४ पॅरिश. खुद्द इंग्लंडात १८९४ च्या कायद्याने गावाचा कारभार चर्चच्या हातून काढून निवडून आलेल्या मंडळाकडे दिला, पण नाव पॅरिश कौन्सिल असंच राहिलं. २०२१ मध्ये हँडफर्थ गावच्या पॅरिश कौन्सिलची ऑनलाइन भांडाभांडी जगभर गाजली, तेव्हा आपल्याकडे काहींना ती चर्चची बैठक वाटली होती. ती गावपंचायतीची होती. भाषांतर करताना तिथे बिनधास्त ग्रामपंचायत लिहावं.

आता मंगळूरचं पॅरिश.

कॅथलिक चर्चची एक कायदेसंहिता आहे, सध्याची १९८३ ची. तिच्यानुसार पॅरिश म्हणजे बिशपच्या, म्हणजे अनेक पॅरिशांवरच्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, अधिकाराखाली एका धर्मगुरूकडे सोपवलेला, कायमचा असा श्रद्धावंतांचा समुदाय. व्याख्येत ‘समुदाय’ आहे, इमारत नाही. पण थोडं पुढे गेलं की तीच संहिता सांगते, की हा समुदाय सर्वसाधारणपणे भूभागावरून ठरवायचा. अमुक ओढ्यापासून तमुक रस्त्यापर्यंत, या सीमेच्या आत राहणारे सगळे कॅथलिक त्या पॅरिशचे. मग ते रविवारी चर्चला येवोत न येवोत, वर्गणी देवोत न देवोत, फादरशी पटो न पटो.

मित्राला मी तलाठ्याच्या सजाचं उदाहरण दिलं. उत्तर कर्नाटकात तलाठी हा शब्द जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे, त्यामुळे त्याला चटकन कळलं. सजातल्या एखाद्याने तलाठ्याचं तोंडही पाहिलेलं नसेल, तरी त्याचा उतारा त्याच दप्तरात असतो. तलाठी बदलून जातो, सजा जागेवर राहतो. पॅरिशचा फादरही असाच काही वर्षांनी बदलतो; पॅरिश, त्याची जमीन, त्याचं दप्तर जागच्या जागी. चर्चच्या कायद्याच्या नजरेत पॅरिश ही स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगू शकणारी एक स्वतंत्र संस्था आहे.

राहण्यावरून सगळं ठरतं म्हटल्यावर ‘राहणं’ म्हणजे किती, हेही लिहून ठेवावं लागतं. संहितेत तेही आहे. कायम राहायच्या इराद्याने आलात किंवा पाच वर्षं राहून झाली, की तुम्ही तिथले. तीन महिने राहिलात किंवा तेवढं राहायच्या इराद्याने आलात, तरी अर्धे तिथले होताच. म्हणजे उडुपीहून नोकरीसाठी बंगळुरात येऊन पेइंग गेस्ट म्हणून राहणारी कॅथलिक मुलगी तीन महिन्यांत, तिला पत्ताही नसताना, एका पॅरिशच्या हिशेबात गेलेली असते. बहुतेकांना हे कळतं ते लग्न ठरल्यावर.

तेव्हा काय होतं ते जरा जवळून पाहू, कारण पॅरिश ही काय चीज आहे ते तिथे नीट दिसतं. समजा, या मुलीचा बाप्तिस्मा उडुपीजवळच्या कल्याणपूरला झालाय. लग्नासाठी बंगळूरचा फादर तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागणार. घरच्या ट्रंकेत जपून ठेवलेला, कडा पिवळ्या पडलेला दाखला चालत नाही. तो ताजा हवा, साधारणपणे गेल्या सहा महिन्यांतला. मुलीला वाटतं, बाप्तिस्मा एकदाच झाला, तो काय शिळा होतो? बाप्तिस्मा शिळा होत नाही, पण नोंद पुढे सरकलेली असू शकते. कल्याणपूरच्या त्या जाडजूड वहीत एका आडव्या ओळीत बाळाचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता आणि बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचं नाव असतं. शेवटी शेऱ्यासाठी कोरी जागा सोडलेली असते. खरी गंमत त्या कोऱ्या जागेत आहे. तुमचं लग्न जगात कुठेही लागो, ते लावणाऱ्या चर्चने मूळ पॅरिशला कळवायचं असतं, आणि तिथल्या फादरने त्या ओळीसमोर लग्नाचा दिवस आणि ठिकाण लिहायचं असतं. ताजा दाखला मागायचा तो त्यासाठी: शेऱ्याची जागा अजून कोरी आहे ना, हे बघायला.

दुसरीकडे दोघांच्याही पॅरिशमध्ये, बहुधा लागोपाठ तीन रविवारी, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या, शेवटी लग्नाची घोषणा होते. कुणाला हरकत असेल तर कळवावं. ही घोषणा मुलीच्या गावात आणि तिच्या राहत्या जागी करायची, कारण तिला ओळखणारे लोक तिथे आहेत असं कायदा धरून चालतो. बंगळूरच्या उंच इमारतीत शेजारच्या दारातला माणूस ओळखत नाही ते सोडा. लग्नाच्या नोंदी ठेवायची सक्ती १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने केली, ती चोरून लावलेल्या लग्नांना आळा बसावा म्हणून. साडेचारशेहून जास्त वर्षांनी ती वही जन्मतारखेच्या पुराव्यापासून घराण्याच्या वंशावळीपर्यंत कशाकशाला उपयोगी पडते!

पॅरिशमध्ये सत्ता कुणाची, हेही इथेच सांगतो, कारण पुढे लागेल. नवं पॅरिश काढायचं, जुनं बंद करायचं किंवा सीमा बदलायची, हा अधिकार फक्त बिशपचा. पैशाच्या कामात मदतीला लोकांचं अर्थमंडळ असणं सक्तीचं आहे. लोकांची दुसरी एक समिती असते, तिचा अधिकार सल्ल्यापुरता. फादरने ऐकलं तर ऐकलं.

कर्नाटकाच्या किनारपट्टीवर ही व्यवस्था आली ती पोर्तुगिजांच्या काळात आणि गोव्याहून खाली उतरलेल्या कोंकणी कॅथलिकांबरोबर. मंगळूरच्या रोझारियो चर्चचं साल १५६८ आहे, मिलाग्रिसचं १६८०. पोर्तुगीज भाषेत पॅरिशला एक शब्द आहे फ्रेगेझिया. तो कोंकणीत मुरून फिरगज झाला, आणि तिथला माणूस फिरगजकार. तिथल्या फादरला मंगळुरी कोंकणीत विगार म्हणतात. चर्चची इमारत ती इगर्ज, जी कन्नडमध्ये इगर्जी म्हणून गेली. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाकडे इमारतीला एक शब्द आणि समुदायाला दुसरा असे दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत. त्याला ‘पॅरिश म्हणजे काय’ हा प्रश्न पडत नाही. प्रश्न पडतो घाटावरच्या कन्नड माणसाला, ज्याच्याकडे दोन्हीसाठी ‘चर्च’ हा एकच शब्द आहे.

फिरगज आतून कशी चालते ते बघण्यासारखं आहे. तिचे वाडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक वाड्याला एक गुरकार. गुरकार धर्मगुरू नसतो, संसारी माणूस असतो. दुकानदार, शिक्षक, निवृत्त बँकवाला, कुणीही. वाड्यातल्या घरांची खबरबात त्याच्याकडे. कुणी आजारी पडलं तर विगाराला निरोप तो देणार, कुणी गेलं तर प्रार्थनेची आणि मयताची व्यवस्था बघायला आधी तो पोचणार. सणावाराला चर्च झाडण्यापासून मंडप घालण्यापर्यंतची पाळी वाड्यावार लागते, आणि पाळी कुणी चुकवली हे गुरकाराच्या लक्षात राहतं. मंगळुरी माणसं दुबईत किंवा मुंबईत भेटली, की ‘तुमची फिरगज कुठली’ या प्रश्नावर ओळख पक्की करतात, त्याचं मूळ या वाड्यांत आहे. अनेक फिरगजा मिळून एक वाराडो होतो, पण तो कारभारापुरता. त्यावर कुणाचा जीव नाही.

८ सप्टेंबरला येशूची आई मरिया हिच्या जन्मदिनी मोंती फेस्त हा सण असतो. भाताचं नवं पीक येण्याचे दिवस. चर्चमध्ये भाताच्या लोंब्या आणून आशीर्वादित करतात, मुलं मरियेच्या मूर्तीला फुलं वाहतात, आणि मग प्रत्येक कुटुंबाला लोंबी वाटली जाते. घरी ती सोलून तांदळाचे दाणे दुधात किंवा खिरीत घालतात, सगळ्यांनी थोडं थोडं खायचं, नि मग शाकाहारी जेवण. कोंकणी कॅथलिकांच्या घरात सणाच्या दिवशी मासळी नाही, म्हणजे सण किती मोठा असेल ते ओळखा! लोंबी कुटुंबामागे मिळते. म्हणजे फिरगजेत कुटुंबं किती, नव्याने वेगळी चूल कुणी मांडली, याचा हिशेब त्या दिवशी आपसूक होतो. बंगळूर-मुंबईत राहणाऱ्या मुलांसाठी आईबाप लोंबीतले दाणे राखून ठेवतात. हद्दीच्या बाहेर गेलेल्या माणसाला कुटुंबाने असं हद्दीच्या आत मोजणं कुठल्या संहितेत बसत नाही, पण चालतं.

इथपर्यंत हद्द सरळ आहे. बेळतंगडीकडे वळलात की ती दुहेरी होते. विसाव्या शतकात केरळातून शेतीसाठी बरीच सिरो-मलबार कॅथलिक कुटुंबं पश्चिम घाटाच्या पायथ्याशी येऊन वसली. हेही कॅथलिक, पोपला मानणारे, पण त्यांची उपासनेची पद्धत पूर्वेकडची, सिरियन परंपरेची. त्यांचे बिशपही वेगळे. बेळतंगडी १९९९, भद्रावती २००७, मंड्या २०१०, अशी त्यांची तीन धर्मक्षेत्रं, म्हणजे एकेका बिशपच्या हाताखालची क्षेत्रं, कर्नाटकात झाली. सिरो-मलंकार ही आणखी एक परंपरा, तिचं पुत्तूरला. म्हणजे एकाच गावात, शंभर पावलांवर दोन कॅथलिक चर्च, दोघांची हद्द तीच, पण बिशप दोन आणि फादर दोन. वसई-मुंबईकडच्या वाचकाला हे नवं वाटायचं कारण नाही. कल्याणला सिरो-मलबारांचं असं वेगळं धर्मप्रांत १९८८ पासून आहे. नियम मोडलेला नाही. पॅरिश भूभागावरून ठरवावं, पण उपासनापद्धती, भाषा किंवा राष्ट्रीयत्व यांवरूनही ठरवता येईल, अशी मोकळीक संहितेनेच दिलेली आहे. मात्र अशा ठिकाणी ‘या गावचं पॅरिश’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या पद्धतीचं ते लिहावं लागतं.

भाषेचा उल्लेख आला, आणि कन्नड वाचकाला खरं बोचतं ते हेच. बंगळूर.

१९६० च्या दशकापर्यंत कॅथलिक मिस्सा जगभर मुख्यतः लॅटिनमध्ये होत असे. शेजारी बसलेले कन्नड, तमिळ, कोंकणी बोलणारे तिघंही एकाच वेळी एकच न कळणारी भाषा ऐकत, आणि त्यात कुणावर अन्याय नव्हता. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडलं. वसईत प्रश्न आला नाही. धर्मग्रामातले सगळे मराठी बोलणारे, मराठी सुरू झाली. बंगळुरात हद्द भूभागाची आणि भूभागावर माणसं चार भाषांची. छावणी भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले तमिळ, किनाऱ्यावरून आलेले कोंकणी, आजूबाजूच्या खेड्यांतले मूळचे कन्नड कॅथलिक, शिवाय मल्याळी. रविवारी सकाळी नऊ ही सगळ्यांना सोयीची वेळ एकच असते. ती कुणाच्या भाषेला द्यायची? सहाची आणि नऊची मिस्सा यांत कुठली कुणाला, यावरून अनेक पॅरिशमध्ये गेली काही दशकं वाद होत आलेत, मोर्चे निघालेत, प्रकरणं चिघळलीत.

बाहेरून बघणाऱ्याला हे भाषिक राजकारण वाटतं, आणि ते आहेच. पण त्याच्या मुळाशी पॅरिशची हद्द आहे. यादीवरचा समुदाय असता तर कन्नड लोकांनी आपली वेगळी यादी केली असती, तमिळ लोकांनी आपली. हद्दीवर मोजलं की सगळे एकाच छपराखाली येतात, नि मग छपराखालची वेळ वाटून घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर हद्दीचा हा त्रास घेण्यासारखा आहे. भाषेप्रमाणे वेगळी चर्चं बांधली तर भांडणं कमी होतील, पण तमिळ आजी आणि कन्नड आजी एका बाकावर बसणार नाहीत. बेळगावच्या धर्मप्रांतातही कन्नड, मराठी, कोंकणी, इंग्रजी असं सगळं चालतं. सीमावादाच्या गावात ते चालतं याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

आता यादी. धारवाड, हुबळी, गदग-बेटगेरी या भागातल्या माणसाने लहानपणापासून जे चर्च पाहिलं असतं ते बहुधा प्रॉटेस्टंट. बासेल मिशनचे लोक स्वित्झर्लंड-जर्मनीकडून १८३४ मध्ये मंगळुरात उतरले आणि काही वर्षांतच घाट चढून धारवाड-हुबळीला गेले. कन्नडवर त्यांचं ऋण मोठं आहे: १८४३ मध्ये ‘मंगळूर समाचार’ हे पहिलं कन्नड वृत्तपत्र हर्मन मोग्लिंगने काढलं, आणि फर्डिनांड किट्टेलचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ चा. आपल्याकडे कोकणात घरावर जी मंगळुरी कौलं चढली, त्यांचा कारखाना मंगळुरात १८६५ मध्ये या मिशननेच प्रथम काढला. धर्मांतर केलेल्यांना जातीने आणि गावाने बाहेर टाकलं, की त्यांना काम आणि घर द्यायला कौलांचे नि विणकामाचे कारखाने, आणि भोवती मिशन कंपाउंड.

त्यांच्या इथे समुदायाला कन्नड शब्द आहे ‘सभे’. नावातच जमणं आहे, जागा नाही. आणि सभेचे सभासद यादीवरून मोजले जातात. बाप्तिस्मा झाला, मोठेपणी श्रद्धेची जाहीर कबुली देऊन दृढीकरण झालं, प्रभुभोजनाला बसू लागलात, वर्गणी भरलीत, की सभासदांच्या यादीत तुमचं नाव. हुबळीत राहून धारवाडच्या सभेचं सभासद राहायला कुणाची आडकाठी नाही. उलट चर्चच्या भिंतीला भिंत लागून राहत असाल आणि नाव यादीत नसेल, तर तुम्ही त्या सभेचे नाही.

यादी आली की मतदान आलं. बासेल मिशनची जुनी मंडळी आज बहुतांशी चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे सीएसआयमध्ये आहेत. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि आणखी काही प्रॉटेस्टंट प्रवाह एकत्र येऊन हे चर्च २७ सप्टेंबर १९४७ रोजी चेन्नईत स्थापन झालं. आपल्याकडचं त्याचं भावंड, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला झालं. सीएसआयमध्ये एका सभापालकाकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूकडे, एक किंवा अधिक सभा असतात. त्यांचा कारभार सभासदांनी निवडलेली समिती बघते, आणि त्या समितीला सल्ल्यापलीकडचे खरे अधिकार असतात. वरच्या पातळीवर बिशप निवडतानाही आधी प्रतिनिधींच्या मतदानातून नावं पुढे येतात, मग सिनॉड, म्हणजे त्या चर्चची सर्वोच्च सभा, त्यातून ठरवते. कॅथलिकांत बिशप पोप नेमतात. म्हणून कर्नाटकातल्या वर्तमानपत्रात चर्चची निवडणूक, पॅनेल, मतदारयादीतली नावं, निकालावर स्थगिती असं काही वाचलंत, तर ती बातमी कॅथलिक पॅरिशची असण्याची शक्यता फारच कमी. यादीचं जग लोकशाहीचं, आणि लोकशाहीबरोबर येणारी कोर्टकचेरीही त्याचीच.

‘मेथडिस्ट’ शब्दाने मात्र फसायला होतं. जुन्या म्हैसूर भागातले ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट सीएसआयमध्ये विलीन झाले. बिदर, कोलार, बेळगावकडचे अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट विलीन झाले नाहीत. त्यांचं वेगळं मेथडिस्ट चर्च इन इंडिया आहे. बेळगावच्या वाचकाला समोरच्या चर्चवर मेथडिस्ट पाटी दिसते आणि म्हैसूरचा म्हणतो आमचे मेथडिस्ट तर सीएसआयमध्ये गेले; दोघंही खरं सांगत असतात.

डायसिसबद्दल थोडक्यात. अनेक पॅरिश किंवा अनेक सभा मिळून एका बिशपचं क्षेत्र, ते डायसिस. मूळ शब्द रोमन साम्राज्याच्या प्रांतव्यवस्थेतला. मराठीत धर्मप्रांत, कन्नड कॅथलिकांत धर्मक्षेत्र, कन्नड सीएसआयमध्ये सभाप्रांत. कॅथलिकांची कर्नाटकात सगळ्या पद्धती धरून १४ आहेत. सीएसआयची तीन: मध्य कर्नाटकाचं बंगळूरला, उत्तरेचं धारवाडला आणि दक्षिणेचं मंगळूरला. २०१२ मध्ये मंगळूरमधून उडुपीचं वेगळं धर्मक्षेत्र निघालं, तेव्हा कल्याणपूरचं मिलाग्रिस हे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. वरचा बिशप बदलला. फिरगजा, वाडे, गुरकार होते तिथेच राहिले.

मित्राला शेवटी हवे होते शब्द, आणि ते मी त्याला असे दिले. कॅथलिक मजकूर असेल तर कन्नडमध्ये धर्मकेंद्र लिही, कर्नाटकातले कॅथलिक स्वतः तेच लिहितात. किनाऱ्यावरच्या बोलीतला संवाद असेल तर फिरगज ठेव, उगाच शुद्ध करत बसू नकोस. प्रॉटेस्टंट मजकूर असेल तर सभे, आणि तिथल्या माणसाला सभापालक, विगार किंवा फादर नाही. रक्तदान शिबिराचं वाक्य त्याने धर्मकेंद्र घालून पुरं केलं.

आठवड्याने परत फोन. या वेळी अडला होता काँग्रिगेशन या शब्दावर. प्रॉटेस्टंट लेखात त्याने त्याचं ‘सभे’ केलं होतं, ते बरोबरच होतं. मग तोच शब्द मंगळूरच्या बेथनी सिस्टरांबद्दलच्या मजकुरात आला आणि तिथेही त्याने ‘सभे’ ठोकून दिलं. कॅथलिकांच्या तोंडी हा शब्द बहुतेक वेळा व्रतस्थांच्या संघासाठी येतो. बेथनी हा १९२१ मध्ये फादर रेमंड मस्कारेन्यस यांनी मंगळुरात काढलेला धर्मभगिनींचा संघ आहे. त्याला ना हद्द, ना सभासदांची मतदारयादी. त्याच्या भगिनी कुठल्या कुठे पसरलेल्या, नि त्यातली प्रत्येक जण रविवारी जिथे राहते तिथल्या धर्मकेंद्रात मिस्सेला. त्याने ‘सभे’ खोडलं आणि विचारलं, मग जेसुइट हे काय, काँग्रिगेशन की ऑर्डर? ते पुढच्या फोनला.